न सांगायचे दुखणे

दिवाळी अंकातले सदर हलकेफुलके असावे, असा संकेत आहे. एका हातात चकली आणि दुसऱ्या हातात अंक घेऊन बसलेल्या वाचकापुढे आजाराचे रडगाणे गाणे हा शिष्टाचाराचा भंगच होय. तरीही यंदा मी तो करणार आहे. कारण ज्या दुखण्याविषयी मला लिहायचे आहे, ते नेमके याच चार दिवसांत, घर पाहुण्यांनी भरलेले असताना, सर्वांत जास्त छळते. आणि ज्या घरात ते आहे त्या घरातसुद्धा त्याच्याविषयी कोणी मोकळेपणाने बोलत नाही.

दुखणे आहे मूत्राशयाचे.

हा शब्द वाचताच तुम्ही शेजारी कोण बसले आहे ते पाहिलेत ना? माझेही तसेच होते. वीस वर्षे मराठी शिकवतो आहे, पण हा शब्द वर्गात मोठ्याने उच्चारण्याचा प्रसंग आला तर मी फळ्याकडे तोंड करीन. हृदयविकाराची गोष्ट वेगळी. तो झालेला गृहस्थ लग्नाच्या पंगतीत सुद्धा 'दोन स्टेंट घातल्यात' असे अभिमानाने सांगतो. गुडघेदुखीवर तर आपल्याकडे चर्चासत्र भरेल. पण या एका अवयवाची पाळी आली की आपली समृद्ध मायबोली एकदम लाजाळू होते. 'जाऊन येते', 'बाहेर जायचंय', 'एक नंबर' असे आडवळणाचे शब्द आपण वापरतो, किंवा फारच सभ्य झालो तर 'लघुशंका' म्हणतो. जळजळ होऊ लागली तर तिच्यासाठी 'उन्हाळी लागली' हा एक शब्द आहे. तो मोठा सोयीचा, कारण त्यात दोष उन्हाचा असतो, आपला नसतो. आणि उन्हाळी म्हटली की ती चार दिवसांत जायचीच, असेही आपण धरून चालतो.

आमच्या घरातली उन्हाळी सात वर्षांपूर्वी आली, ती भर पावसाळ्यात. आणि ती गेली नाही.

हे सर्व मी सौ.च्या परवानगीने लिहितो आहे. 'नाव छापू नका,' एवढीच तिची अट आहे. प्रथम अर्थातच घरगुती उपाय झाले. धणेजिऱ्याचे पाणी झाले, सब्जा झाला, वाळ्याचे पाणी झाले, बार्ली झाली, शहाळी झाली. एका शेजारणीने सांगितले म्हणून रोज सकाळी लिंबाचे सरबत झाले. त्याने तर आगीत तेल ओतल्यासारखे झाले. मग नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लघवीला जंतुसंसर्ग झाला असावा म्हणून पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. चार दिवस बरे वाटल्यासारखे झाले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा गोळ्या, या वेळी अधिक जोराच्या. अशा रीतीने दीड वर्षात गोळ्यांचे अकरा कोर्स झाले.

मधून मधून लघवी तपासायला जाई. जंतूंची वाढ करून पाहण्याची जी तपासणी असते, जिला कल्चर म्हणतात, तिचा अहवाल दर वेळी एकच येई : वाढ आढळली नाही. सोनोग्राफी झाली; मूत्रपिंडे उत्तम. रक्तातली साखर झाली, उत्तम. प्रत्येक अहवाल आला की घरात सर्वांना हायसे वाटे. 'चला, सगळं नॉर्मल आहे!' असे आम्ही म्हणायचो आणि चहा टाकायचो. हायसे वाटत नसे ते फक्त एकीला.

कारण अहवाल कितीही निर्मळ असला तरी तिला दिवसातून पंचवीस वेळा उठावे लागत होते आणि रात्री पाच-सहा वेळा. ओटीपोटात कोणी जळता निखारा ठेवावा तसे दुखे. लघवी झाली की घटकाभर कमी होई, आणि मूत्राशय थोडे भरले की परत सुरू. तिने हळूहळू बाहेर जाणे सोडले. आधी नाटक सुटले, मग लग्नकार्ये सुटली. कोल्हापूरला तिचे माहेर. पण पुण्याहून बसमध्ये पाच-सहा तास बसणे अशक्य, म्हणून भाऊबीजेला भाऊच इकडे येऊ लागला. कुठेही जायचे झाले तर तिथे स्वच्छतागृह कुठे आहे हे आधी विचारायचे, आणि विचारायची लाज वाटली तर जायचेच नाही. आईला वाटे, सून कामाला कंटाळली. आणि मला? मला वाटे, हे मनाचे खेळ आहेत. तसे मी बोलूनही दाखवले. 'तू लक्ष दुसरीकडे गुंतव, म्हणजे इतकं जाणवणार नाही,' असा पंडिती सल्लाही दिला. 'लघुशंका' या शब्दातली शंका तिच्या वाट्याला आली होती, पण त्याहून मोठी शंका माझ्या मनात होती, आणि ती तिच्याविषयी होती.

एका रात्री तीनच्या सुमारास मला जाग आली. शेजारी ती नव्हती. पाहतो तो न्हाणीघराच्या दाराशी पाट टाकून, पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून, भिंतीला डोके टेकून ती बसली होती. 'इथं का बसलीस?' असे विचारले तर म्हणाली, 'सारखं उठून यायचं, तुमची झोप मोडते. त्यापेक्षा इथंच बरं.' किती दिवस अशी बसत होती, कोण जाणे. मी काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, 'मी खोटं कशाला बोलेन हो?'

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि मूत्ररोगतज्ज्ञाकडे गेलो.

या डॉक्टरांनी अहवालांची जाड फाइल बाजूला ठेवली आणि आधी एक प्रश्न विचारला : 'लघवी साठली की दुखतं आणि झाली की थोडा वेळ कमी होतं, असं होतं का?' दीड वर्षात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. सौ.ने मान हलवली आणि तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले. डॉक्टरांनी तिला तीन दिवसांची वही लिहायला सांगितली : किती वाजता गेलात, किती झाली, दुखणे किती होते, त्याआधी काय खाल्ले-प्यायले. मोजायला एक प्लास्टिकचे मापाचे भांडे आणले. निरोगी माणसाचे मूत्राशय साधारण तीनशे ते पाचशे मिलिलिटर सहज धरते. सौ.च्या वहीत पन्नास आणि साठच्या पुढे आकडा क्वचितच गेला होता. एका दिवसात सव्वीस नोंदी होत्या. आमच्या घरातले 'मनाचे खेळ' पहिल्यांदाच कागदावर मिलिलिटरमध्ये मांडले गेले.

तरीही डॉक्टरांनी लगेच निदान केले नाही, आणि ते योग्यच होते. कारण या रोगाचे निदान करण्यासाठी आधी दुसरे रोग नाहीत ना, हे पाहावे लागते. आपल्या देशात तर मूत्रमार्गाचा क्षय विसरून चालत नाही. त्यातही साध्या कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत आणि मूत्राशय आक्रसत जाते. खडा, गाठ, कर्करोग, स्त्रियांचे इतर विकार हे सर्व तपासून बाजूला सारावे लागतात. लघवीतून रक्त जात असेल तर ते एकदाच दिसले तरी दुर्लक्ष करू नये. मग दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहिले. काही रोग्यांच्या मूत्राशयात लालभडक चट्टे दिसतात. ते दिसले तर ते जाळतात किंवा त्यांत स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात, आणि पुष्कळांना चांगला आराम पडतो. सौ.ला ते नव्हते. तेव्हा कुठे डॉक्टरांनी नाव उच्चारले : इंटरस्टिशियल सिस्टायटिस. अलीकडे त्यालाच 'ब्लॅडर पेन सिंड्रोम' असेही म्हणतात. आपण मराठीत मूत्राशयाचा चिवट दाह म्हणू. नाव ऐकून मला भीती वाटली; सौ.ला मात्र, ती नंतर म्हणाली, हलके वाटले. दुखण्याला नाव आहे, म्हणजे ते दुसऱ्या कोणाला तरी झालेले आहे.

आणि झालेले आहे ते आजकाल नव्हे. आपल्या जुन्या वैद्यांनी मूत्राशयाला 'बस्ती' म्हटले आणि कष्टाने होणाऱ्या लघवीला 'मूत्रकृच्छ्र' हे नाव दिले. कृच्छ्र म्हणजे कष्टच. आजच्या डॉक्टरांच्या तोंडी जे नाव आहे ते न्यूयॉर्कच्या स्कीन नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञाने १८८७ मध्ये वापरले. पुढे १९१५ मध्ये बाल्टिमोरच्या गाय हनर या डॉक्टरांनी त्या लाल चट्ट्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. आजही ते चट्टे हनरच्या नावाने ओळखले जातात. पण यातून एक अनर्थ झाला. ज्या बायकांच्या मूत्राशयात चट्टे दिसत नाहीत त्यांना रोगच नाही, त्या नुसत्या हळव्या स्वभावाच्या, अशी समजूत कित्येक दशके वैद्यकात चालत आली. १९८४ मध्ये अमेरिकेत व्हिकी रॅटनर या बाईंनी, ज्या स्वतः वैद्यकीय शिक्षण घेताना या दुखण्याने हैराण झाल्या होत्या, रोग्यांची संघटना काढली, तेव्हापासून संशोधनाला जोर आला. हा रोग पुरुषांनाही होतो, पण स्त्रियांना पुष्कळच अधिक होतो. पुरुषांना अधिक झाला असता तर 'मनाचे खेळ' हे निदान इतकी वर्षे टिकले असते का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. उत्तर फारसे सुखावह नव्हते.

आता औषधांकडे येतो. कारण या लेखाचा खरा हेतू तोच आहे.

मूत्राशयात काय बिघडते? शेवटचा शब्द अजून कोणी सांगितलेला नाही, पण डॉक्टरांनी समजावले ते असे. मूत्राशयाच्या आतल्या भिंतीवर एक पातळ बुळबुळीत लेप असतो. लघवीतले क्षार भिंतीला लागू नयेत म्हणून निसर्गाने केलेली ती सोय. मला लगेच पितळेचे भांडे आठवले. कल्हई शाबूत आहे तोवर त्यात ताक ठेवा, आमटी करा, काही होत नाही. कल्हई गेली की ताक कळकते. तसा हा लेप विरळ झाला की लघवीतले क्षार भिंतीत झिरपतात, तिथल्या नसा चिडतात, आणि अंगावर पित्त उठावे तशी प्रतिक्रिया आत सुरू होते. पुढे पुढे नसांना चिडण्याची सवयच लागते. थोडेसे भरले तरी त्या बोंब मारतात. कल्हई, पित्त आणि नसा या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या की औषधे कळायला सोपी जातात.

पहिला उपाय बिनपैशाचा, पण पुणेरी घरात सर्वांत महाग : चहा बंद. कॉफी, लिंबू, संत्री, टोमॅटो, चिंच, तिखट आणि सोड्याची पेये ही पुष्कळांना बाधतात. मात्र सर्वांना सर्व बाधत नाही. म्हणून सगळे एकदम बंद करून, मग एकेक सुरू करून, वहीत लिहून पाहावे लागते. सौ.ला टोमॅटो आणि चहा बाधतात, ताक चालते. जाहिरातीतले क्रॅनबेरीचे रस आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या या रोगात उलट जळजळ वाढवू शकतात. व्यायामाचेही तेच. ओटीपोटाखालचे स्नायू आवळून धरण्याचा जो व्यायाम बाळंतिणींना सांगतात, तो इथे उपयोगाचा नाही. ते स्नायू आधीच आवळलेले असतात. ते सैल कसे सोडायचे हे जाणकार फिजिओथेरपिस्टकडून शिकावे लागते.

मग गोळ्या. पहिली गोळी अ‍ॅमिट्रिप्टिलिनची. ती आणायला गेलो तर दुकानदाराने चष्म्यावरून पाहिले. घरी आल्यावर भाच्याने फोनवर शोधून जाहीर केले, 'मामा, ही डिप्रेशनची गोळी आहे!' आईने कपाळाला हात लावला : 'म्हणजे डोक्याचंच निघालं ना शेवटी?' दुसऱ्या खेपेस डॉक्टरांनी आईलाच समोर बसवले. ते म्हणाले, 'आजी, औषध १९६१ सालापासून नैराश्यासाठी आहे हे खरं. पण त्यासाठी लागते त्यापेक्षा कितीतरी कमी मात्रा मी देतोय. या मात्रेत ते नसांची बोंब कमी करतं आणि रात्रीची झोप देतं. मिठाचं तुम्हाला माहीत आहे. चिमूटभर आमटीत आणि मूठभर लोणच्यात, काम वेगळं.' आईला हे पटले. लोणच्याचा दाखला दिल्यावर तिला न पटणारे जगात फारसे काही नाही.

सुरुवात रात्री १० मिलिग्रॅमने, मग डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू वाढ. तोंड कोरडे पडते, सकाळी सुस्ती येते, बद्धकोष्ठ होते, वजन वाढू शकते. हृदयाचा त्रास असलेल्यांना आधी तपासणी लागते. आणि बरे वाटले म्हणून मनानेच एकदम बंद करायची नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात २७१ रोगी होते. ही गोळी घेणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांना बरे वाटले, आणि नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपैकी ४५ टक्क्यांना. म्हणजे फरक निर्णायक नव्हे. पण ज्यांना ५० मिलिग्रॅमपर्यंत किंवा पुढे जाणे सोसले, त्यांच्यात ६६ टक्क्यांना गुण आला. हे आकडे मी मुद्दाम देतो आहे. या रोगावर रामबाण औषध नाही. कोणी आहे म्हणून सांगितले तर सावध राहावे.

पित्तावरचे औषध म्हणजे हायड्रॉक्सिझिन. अंगावर गांधी उठल्या की हीच गोळी देतात. अ‍ॅलर्जीची प्रवृत्ती असलेल्या काही रोग्यांना ती उपयोगी पडते. झोप मात्र हिनेही येते. याखेरीज लघवीला नारिंगी रंग आणणारी एक गोळी असते, फेनाझोपायरिडिन. ती दुखणे दोन-चार दिवस बधिर करते, रोग बरा करीत नाही. पहिल्यांदा तो रंग पाहून घाबरून जाऊ नये, एवढेच.

कल्हईचे औषध म्हणजे पेन्टोसान पॉलिसल्फेट. हे मोठे मजेशीर आहे, कारण ते बीच नावाच्या झाडाच्या लाकडापासून सुरुवात करून तयार करतात. अमेरिकेत त्याला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून तीनदा, रिकाम्या पोटी, जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी. मूत्राशयाचा लेप त्याने भरून निघावा अशी कल्पना. पण पोटात गेलेल्या औषधाचा अगदी थोडा अंश लघवीपर्यंत पोचतो, त्यामुळे गुण दिसायला तीन ते सहा महिने लागतात. मान्यतेच्या वेळच्या चाचणीत तीन महिन्यांनी ३८ टक्के रोग्यांचे दुखणे निम्म्याहून अधिक कमी झाले. बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. पुढे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र दोन्हींत फरक दिसला नाही. औषध थोडेसे रक्त पातळ करणारे आहे. अ‍ॅस्पिरिनसारखे काही चालू असेल तर आधी सांगावे. आणि याहून महत्त्वाचे : २०१८ मध्ये अटलांटाच्या नेत्रतज्ज्ञांनी दाखवून दिले की, हे औषध वर्षानुवर्षे घेतलेल्या काही रोग्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर विशिष्ट बदल होतात, वाचायला त्रास होतो, अंधारात लवकर दिसत नाही. २०२० मध्ये अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात हा इशारा छापला गेला. म्हणून सुरू करण्यापूर्वी पडद्याची तपासणी आणि पुढेही ठराविक काळाने तपासणी हवी. आपल्याकडे एकदा लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन पाच-पाच वर्षे तेच औषध आणणारी मंडळी आहेत; त्यांच्यासाठी हे वाक्य पुन्हा वाचावे.

सौ.ने डोळे तपासून हे औषध सहा महिने घेतले. फरक पडला नाही. डॉक्टरांनी ते बंद केले. डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत भेटणाऱ्या एका बाईंना मात्र त्यानेच गुण आला होता. एकाच रोगाचे दोन रोगी, एकच औषध, फळ वेगळे. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वे सुधारली, त्यांत उपचारांची पूर्वीची ठराविक उतरंडच काढून टाकली. रोगी पाहून उपचार निवडावा असे सांगितले. मात्र त्याच तत्त्वांत जंतू नसताना दीर्घकाळ अँटिबायोटिक देऊ नये हेही स्पष्ट आहे. ते वाचताना मला आमचे अकरा कोर्स आठवले.

शेवटचा मार्ग थेट मूत्राशयात औषध सोडण्याचा. बारीक नळीने औषध आत घालतात, ते थोडा वेळ धरून ठेवायचे आणि मग सोडून द्यायचे. त्यात हेपॅरिन असते, बधिर करणारे लिडोकेन असते, आणि सर्वांत जुने म्हणजे डायमिथिल सल्फॉक्साइड. हेही लाकडाचेच अपत्य. कागदासाठी लाकडाचा लगदा करताना निघणाऱ्या पदार्थातून ते मिळते. १९६० नंतरच्या काही वर्षांत त्याचा मोठा गाजावाजा झाला. १९६५ मध्ये प्राण्यांच्या डोळ्यांच्या भिंगात बदल दिसल्याने अमेरिकेत माणसांवरचे प्रयोग थांबवले गेले. आणि १९७८ मध्ये नेमक्या याच मूत्राशयाच्या रोगासाठी त्याला मान्यता मिळाली. पन्नास मिलिलिटर औषध, पंधरा मिनिटे, दर पंधरा दिवसांनी. पहिल्या एक-दोन वेळा दुखणे वाढल्यासारखे वाटते. आणि एक परिणाम कोणीही लपवू शकत नाही : श्वासाला आणि अंगाला लसणाचा वास येतो, तो दोन-तीन दिवससुद्धा टिकतो. आमच्याकडे पहिल्या खेपेनंतर धाकटीने शाळेतून येताच विचारले, 'आई, आज लसणाची चटणी केलीस?' दीड-दोन वर्षांनी त्या दिवशी सौ. पोट धरून हसली. या वेळी पोट दुखण्यासाठी धरले नव्हते.

सहा खेपा झाल्या. अ‍ॅमिट्रिप्टिलिन २५ मिलिग्रॅमवर स्थिरावले. वही चालू राहिली. सव्वीसचे अठरा झाले, मग चौदा झाले. आज दिवसाला दहा-अकरा, रात्री एक किंवा दोन. मधूनच पंधरा दिवस वाईट येतात, विशेषतः जागरण झाले किंवा काळजी लागली की. तेव्हा गरम पाण्याची पिशवी, साधे जेवण आणि डॉक्टरांना फोन. रोग बरा झाला असे मी म्हणणार नाही. पण पूर्वी रोग घर चालवीत होता. आता घर सौ. चालवते आणि रोग एका कोपऱ्यात बसलेला असतो.

हे वाचून कोणी कोणाला गोळी सुचवू नये, ही हात जोडून विनंती. आमच्या हिला जे चालले ते तुमच्या वहिनींना चालेलच असे नाही, हे वर सांगितलेच आहे. पण चार गोष्टी कोणत्याही घरात करता येतील. एक, जळजळ वारंवार होत असेल तर कल्चर केल्याशिवाय अँटिबायोटिक पुन्हा पुन्हा घेऊ नका. दोन, अहवाल निर्मळ आला म्हणून थांबू नका. जंतू नाहीत याचा अर्थ दुखणे नाही असा होत नाही. सहा आठवड्यांहून अधिक काळ दुखत असेल तर मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवा. तीन, वही आणि मापाचे भांडे घ्या. डॉक्टरांपुढे दहा मिनिटांत जे सांगता येत नाही ते तीन दिवसांची वही सांगते. चार, औषधाला महिने द्या, आठवडे नव्हे. आणि कुठले औषध कधी सुरू केले, कधी बंद केले, काय झाले हे लिहून ठेवा.

पाचवी गोष्ट नवरेमंडळींसाठी. तुमच्या घरातली कोणी म्हणाली की दुखते, तर आधी 'कुठे आणि केव्हा' असे विचारा. 'मनावर घेऊ नकोस' हे शेवटी म्हणा, किंवा म्हणूच नका. मला हे समजायला दीड वर्ष लागले. ते दीड वर्ष तिने न्हाणीघराच्या दाराशी पाटावर बसून काढले. कोणतेही औषध ते परत आणून देणार नाही.

यंदा भाऊबीजेला आम्ही कोल्हापूरला जाणार आहोत. मोटारीने जाऊ आणि वाटेत तीन ठिकाणी थांबू. ती ठिकाणे सौ.ने मेव्हण्याला फोनवर मोठ्या आवाजात, मी आणि आई समोर बसलेलो असताना, नावांनिशी सांगितली आहेत. चिवडा यंदा कमी तिखटाचा झाला आहे, आणि धाकटीला तोच जास्त आवडला आहे.

लेख पाठवण्यापूर्वी तिला वाचायला दिला. चष्मा लावून तिने सावकाश वाचला. लसणाच्या ठिकाणी हसली. शेवटी म्हणाली, 'बाकी ठीक आहे. पण कोर्स अकरा नव्हते, तेरा झाले होते. तुम्ही मोजत कुठं होतात?'

वाचकांनी तेवढी दुरुस्ती करून घ्यावी.